काच किती काळी?

मराठीत ‘गॉगल’ म्हटले की उन्हात घालायचा काळा चष्मा. मूळ इंग्रजीत हा शब्द डोळ्यांना चारी बाजूंनी घट्ट बसणाऱ्या, वारा, धूळ, ठिणग्या अडवणाऱ्या चष्म्यासाठी वापरतात. शब्द आपल्याकडे आला तेव्हा त्यातला ‘चारी बाजूंनी’ हा भाग वाटेत कुठेतरी गळून पडला. तो का गळायला नको होता, ते पुढे येईलच.

दुकानात गॉगल घेताना बहुतेकांची परीक्षा एकच असते. चष्मा डोळ्यांवर चढवायचा, दुकानाबाहेरच्या उन्हाकडे पाहायचे आणि डोळ्यांना गार वाटले की पसंत. काच जितकी काळी तितका माल चांगला. ही परीक्षा निम्मीच खरी आहे. राहिलेले निम्मे समजायला माणसाला फार मोठा काळ लागला, आणि तो समजण्याआधी कित्येकांच्या डोळ्यांनी ते सोसले. आम्हाला सांगायचा आहे तो हा इतिहास.

सुरुवात एव्हरेस्टवरून करू. तारीख ४ जून १९२४. ब्रिटिश मोहिमेचे नेते एडवर्ड नॉर्टन आणि त्यांचे सोबती हॉवर्ड सॉमरव्हेल हे दोघे उत्तरेच्या, म्हणजे तिबेटकडच्या बाजूने प्राणवायूच्या नळकांड्यांशिवाय वर चढत होते. (सॉमरव्हेल शल्यचिकित्सक होते. पुढे त्यांनी त्रावणकोरमधल्या नेय्यूर येथील रुग्णालयात अनेक वर्षे काम केले.) घशाच्या त्रासाने सॉमरव्हेल थांबले. नॉर्टन एकटेच ८,५७२ मीटर उंचीपर्यंत गेले आणि तिथून परतले.

त्या दिवशीची बरीचशी वाट बर्फाची नव्हती, खडकाची होती. खडकावर पाय कुठे ठेवायचा ते नीट दिसावे म्हणून नॉर्टननी डोळ्यांवरचा गॉगल काढून ठेवला होता. ते साहजिकही होते. पांढऱ्या बर्फाने डोळे दिपतात, काळसर खडकाने दिपत नाहीत. मग गॉगल हवा कशाला? वर चढताना त्यांना एका वस्तूच्या दोन-दोन दिसू लागल्या. ही हिमांधतेची सुरुवात तर नाही ना, असे त्यांनी सॉमरव्हेलना विचारलेही. सॉमरव्हेलच्या मते ते विरळ हवेमुळे, रक्तात प्राणवायू कमी पडल्यामुळे होत होते. कदाचित ते बरोबरही असेल. पण त्या रात्री खालच्या तळावर, तंबूत, नॉर्टनच्या डोळ्यांत असह्य वेदना सुरू झाल्या आणि दिसायचे बंद झाले. सुमारे ६० तास ते पूर्ण आंधळे होते.

६ जूनच्या सकाळी जॉर्ज मॅलरी आणि अँड्र्यू अर्व्हिन त्याच तळावरून शिखराकडे निघाले तेव्हा नेत्याला त्यांना डोळ्यांनी निरोप देता आला नाही. ते दोघे परत आले नाहीत. १ मे १९९९ रोजी मॅलरींचा मृतदेह सापडला आणि त्यांच्या कपड्यांच्या खिशात एक गॉगल मिळाला. नॉर्टनचे हाल दोनच दिवसांपूर्वी डोळ्यांसमोर पाहिलेला माणूस दिवसाउजेडी गॉगल काढणार नाही. तेव्हा अपघात अंधार पडल्यावर, उतरताना झाला असावा, असा तर्क त्यावरून अनेकांनी केला. अर्थात खिशातला गॉगल जास्तीचाही असू शकतो. पण एका चष्म्यावरून गिर्यारोहणाच्या इतिहासातली सर्वांत गाजलेली चर्चा इतकी रंगावी, यामागे नॉर्टनचे ते ६० तास आहेत.

खडक चकाकत नव्हता, मग डोळे कशाने गेले?

याचे उत्तर सव्वाशे वर्षे आधी सापडायला लागले होते. १८०० मध्ये विल्यम हर्शेल यांनी सूर्याच्या वर्णपटात तांबड्याच्या अलीकडे, डोळ्यांना काहीच दिसत नाही तिथे तापमापक ठेवला, तर पारा चढला. दुसऱ्या टोकाला असेच काही असेल का, हे जर्मनीतल्या येना गावी योहान रिटर यांनी १८०१ मध्ये पाहिले. उजेडाने काळे पडणारे सिल्व्हर क्लोराइड त्यांनी वर्णपटात ठेवले. जांभळ्याच्या पलीकडे, जिथे नुसता अंधार दिसत होता, तिथे ते सर्वांत झपाट्याने काळे पडले. हेच जंबुपार किंवा अतिनील किरण. त्यांची तरंगलांबी ४०० नॅनोमीटरपेक्षा कमी असते.

या किरणांतले कमी तरंगलांबीचे, म्हणजे साधारण ३१५ नॅनोमीटरच्या खालचे किरण डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, पारपटलाच्या, वरच्या पेशींना इजा करतात. पण त्या वेळी काहीच कळत नाही. वेदना सुरू होतात त्या काही तासांनी, बहुधा रात्री. डोळ्यांत वाळू भरल्यासारखे वाटते, पाणी वाहते, उजेड सहन होत नाही. वेल्डिंगची ठिणगी मुखवटा न घेता पाहत राहणाऱ्या कामगारांना रात्री हाच त्रास होतो. पेशी नव्याने येतात आणि एक-दोन दिवसांत डोळे बहुधा पूर्ववत होतात. पण हिमालयात ते एक-दोन दिवस जिवावर बेतू शकतात.

आता आकडे पाहू. उंची १,००० मीटरने वाढली की जंबुपार किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात. नॉर्टन होते तिथे ते समुद्रसपाटीच्या दुपटीच्या आसपास असणार. शिवाय हे किरण फक्त सूर्याकडून येत नाहीत; हवेत विखुरले जाऊन साऱ्या आकाशातून येतात. ताजा बर्फ त्यांतले ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. कोरडी वाळू १५ टक्क्यांच्या आसपास. आणि पाणी? दुपारच्या उन्हात समुद्राकडे पाहवत नाही, पण पाण्यावरून परत येणारे जंबुपार किरण १० टक्क्यांहूनही कमी असतात. म्हणजे खडक डोळ्यांना शांत वाटतो आणि वरून मारा चालू असतो. पाणी डोळे दिपवते आणि त्याच्याकडून येणारा जंबुपार भाग मात्र थोडाच असतो. डोळे मिचकावणे, बाहुली बारीक होणे या आपल्या शरीराच्या सूचना दिसणाऱ्या उजेडाच्या आहेत. न दिसणाऱ्या उजेडासाठी शरीराकडे तशी तत्काळ सूचना नाही.

हे शास्त्र माहीत नसतानाही माणसाने उपाय शोधले होते. इ. स. पू. ४०१–४०० च्या हिवाळ्यात दहा हजार ग्रीक सैनिक आर्मेनियाच्या बर्फातून घरी परतत होते. त्यांच्यातलाच झेनोफोन लिहितो की बर्फाने काहींची दृष्टी गेली, आणि डोळ्यांपुढे काहीतरी काळे धरून चालल्यास बचाव होत असे. उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांचा उपाय याहून पक्का. हाड, हस्तिदंत किंवा लाकडाची एक पट्टी चेहऱ्याच्या आकारात कोरायची, डोळ्यांसमोर एकेक बारीक आडवी फट ठेवायची आणि आतून काजळी फासायची. अलास्का आणि बेरिंग समुद्राच्या भागात अशा खूप जुन्या पट्ट्या उत्खननात मिळाल्या आहेत.

या पट्टीत काच नाहीच, त्यामुळे ‘कोणती काच’ हा प्रश्नच नाही. फट उजेड निवडत नाही; दिसणारा आणि न दिसणारा दोन्ही सारख्याच प्रमाणात कमी करते. खालून बर्फावरून आणि बाजूंनी येणारा उजेड पट्टीच अडवते. थंडीत काचेवर वाफ धरते, ती अडचणही इथे नाही. बारीक फटीतून दूरचे थोडे जास्त रेखीवही दिसते. (वर्गात पुठ्ठ्याची अशी पट्टी दहा मिनिटांत होते. फट जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची ठेवावी. ज्यांना दूरचा चष्मा आहे त्या मुलांनी चष्मा काढून तिच्यातून फळ्याकडे पाहावे. जमले तर फट उभी धरूनही. पट्टीतून सूर्याकडे मात्र कोणीही पाहू नये.) तोटा एवढाच की आजूबाजूचे फार थोडे दिसते.

काचेचे गॉगल घेऊन गेलेल्या युरोपीयांना अधिक त्रास झाला तो काचेमुळे कमी आणि काच काढल्यामुळे जास्त. डिसेंबर १९०२ मध्ये दक्षिण ध्रुवाच्या दिशेने स्कॉट, शॅकल्टन आणि विल्सन हे तिघे चालले होते. एडवर्ड विल्सन डॉक्टर होते आणि चित्रकारही. डोंगररांगांची रेखाटने करण्यासाठी ते गॉगल काढत. शेवटी त्यांचे डोळे इतके सुजले की डोळ्यांवर पट्टी बांधून ते घसरगाडी ओढत होते आणि समोर काय दिसते ते स्कॉट त्यांना सांगत होते. गॉगल घातला असता तर साध्या काचेनेही बरेच काम केले असते, कारण साधी काच ३१५ नॅनोमीटरच्या खालचे बरेचसे किरण स्वतःच गिळते. अठराव्या शतकापासून युरोपात हिरव्या-निळ्या काचांचे चष्मे विकले जात होते. लंडनचे जेम्स अ‍ॅस्कॉफ त्यांची शिफारस करत असत. त्या चष्म्यांनी जे रक्षण केले ते रंगामुळे झाले असे सर्वांना वाटे. केले होते ते काचेने.

रंग आणि रक्षण यांची ही गाठ सोडवली विल्यम क्रुक्स यांनी. थॅलियम शोधणारे हेच क्रुक्स. इंग्लंडमधल्या काच-कारखान्यांत भट्टीसमोर काम करणाऱ्यांना लवकर मोतीबिंदू होई. त्याच्या चौकशीसाठी रॉयल सोसायटीने समिती नेमली होती आणि कामगारांसाठी योग्य काच शोधायचे काम क्रुक्स यांनी घेतले. वितळलेल्या काचेत निरनिराळ्या धातूंची संयुगे मिसळून त्यांनी तीनशेहून अधिक नमुने तयार केले आणि प्रत्येक नमुना वर्णपटाचा कोणता भाग अडवतो ते मोजले. हा निबंध १९१४ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा ते ऐंशी ओलांडलेले होते.

भट्टीसमोरचा मुख्य आरोपी उष्णतेचे अवरक्त किरण ठरले. ते अडवायला लोहाची संयुगे उपयोगी पडली. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचा नमुना दुसरा आहे. सिरियम घातलेली काच जंबुपार किरण अडवत होती आणि दिसायला जवळजवळ रंगहीन होती. म्हणजे रक्षण करायला काळेपणा लागतच नाही. याचा व्यत्यासही खरा: एखादा पदार्थ दिसणारा उजेड अडवून काळा दिसेल आणि जंबुपार किरण खुशाल सोडील. क्रुक्स यांच्या नावाच्या फिक्या छटेच्या काचा पुढे जगभर, आपल्याकडेही, चष्म्याच्या दुकानांत मागितल्या जात. नाव राहिले, त्यामागचा धडा मात्र गिऱ्हाइकांपर्यंत पोचला नाही, असे आमचे मत आहे.

चकाकीचा प्रश्न अजून राहिलाच. ओल्या डांबरी रस्त्यावर किंवा खाडीच्या पाण्यावर संध्याकाळी जी तिरीप डोळ्यांत येते, ती काच काळी करून कमी होते, पण तिच्याबरोबर बाकीचे सगळेही तितकेच अंधारते. तिरीप तेवढी वेगळी काढता येईल का? याची सुरुवात १८०८ मध्ये पॅरिसमध्ये झाली. एतिएन मालूस हे लष्करी अभियंते आपल्या घरातून समोरच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवर पडलेले मावळतीचे ऊन पाहत होते, हातात आइसलँड स्पार नावाचा स्फटिक होता. या स्फटिकातून एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात, हे जुनेच. पण स्फटिक फिरवला तशी खिडकीवरून परावर्तित झालेल्या उन्हाची एक प्रतिमा मंदावली. प्रकाशाची कंपने एरवी सर्व दिशांना होतात. काचेवरून वा पाण्यावरून तिरपा परतलेला प्रकाश मुख्यतः एकाच दिशेत कंप पावतो. याला ध्रुवण म्हणतात. १८१५ मध्ये डेव्हिड ब्रूस्टर यांनी हे कोणत्या कोनात पूर्ण होते त्याचा नियम दिला. पाण्यासाठी तो कोन लंबाशी सुमारे ५३ अंश येतो.

जमीन आणि पाणी आडवे असल्याने त्यांच्यावरची तिरीप आडव्या कंपनांची असते. फक्त उभी कंपने सोडणारी काच मिळाली की काम झाले. पण स्फटिकाचा तुकडा कोणी डोळ्यांवर बांधून फिरणार नाही. इथे गोष्ट विचित्र वळण घेते. ब्रिस्टलचे डॉक्टर विल्यम हेरापाथ यांच्या एका विद्यार्थ्याने, क्विनीन दिलेल्या कुत्र्याच्या मूत्रात आयोडीन टाकले. बारीक हिरवे चकचकीत स्फटिक तयार झाले. सूक्ष्मदर्शकाखाली दोन स्फटिक एकमेकांवर आडवे-उभे आले की तिथे काळोख दिसे. हेरापाथ यांनी हे १८५२ मध्ये प्रसिद्ध केले, पण स्फटिक इतके नाजूक की मोठे करता येईनात. कॅलिडोस्कोप शोधणाऱ्या ब्रूस्टर यांनी आपल्या कॅलिडोस्कोपवरच्या पुस्तकात त्यांचा उल्लेख केला, आणि तो एका अमेरिकन मुलाच्या, एडविन लँडच्या, वाचनात आला.

लँडने हार्वर्डचे शिक्षण अर्धवट सोडले. मोठा स्फटिक करायचा नादच त्याने सोडून दिला. उलट स्फटिक कुटून अतिसूक्ष्म केले, चिकट द्रवात कालवले आणि सारे एका दिशेला वळवून पातळ पत्र्यात बसवले. १९२९ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा तो जेमतेम विशीचा होता. त्याचा हेतू मोटारींच्या दिव्यांची तिरीप घालवण्याचा होता. तो काही साधला नाही. मोटार कंपन्यांनी मनावर घेतले नाही. गॉगल मात्र चालले. १९३७ मध्ये निघालेल्या त्याच्या कंपनीचे नाव पोलरॉइड. ताणलेल्या प्लास्टिकमध्ये आयोडीन मुरवायची त्याची १९३८ ची पद्धत थोड्या फरकाने आजही वापरात आहे.

ध्रुवित काच ओळखणे सोपे आहे. काटे नसलेले, आकडे दाखवणारे घड्याळ किंवा गणकयंत्र गॉगलमधून पाहावे आणि गॉगल हळूहळू फिरवावा. एका स्थितीत आकड्यांची पट्टी पूर्ण काळी पडली तर काच ध्रुवित आहे. वैमानिक अशा काचा टाळतात त्याचे कारणही हेच: समोरच्या फलकावरचे आकडे नाहीसे होऊ शकतात. कोळी बांधवांना, खाडीकाठी गाडी चालवणाऱ्याला त्यांचा फायदा मोठा. बर्फावर त्यामानाने कमी, कारण बर्फाचे कण प्रकाश सगळीकडे विखुरतात. आणि ध्रुवित आहे म्हणून काच जंबुपार किरण अडवतेच, असे नाही.

१९२९ पासूनच सॅम फॉस्टर यांनी अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीच्या समुद्रकिनाऱ्यावर सेल्युलॉइडचे स्वस्त गॉगल विकायला सुरुवात केली होती. पुढे वैमानिकांचे हिरव्या काचेचे गॉगल आले, सिनेमातले नट आले, आणि गॉगल ही शोभेची वस्तू झाली. साधी काच जे आपोआप करत होती, ते प्रत्येक प्लास्टिक करीलच याची खात्री उरली नाही. काचेआड अंधार झाला की बाहुली मोठी होते. अशी काच जंबुपार किरण अडवत नसेल, तर उघड्या डोळ्यांनी मिचकावून पाहण्यापेक्षा जास्त किरण आत शिरण्याची सोय आपण पैसे देऊन केलेली असते. आज पॉलिकार्बोनेटच्या काचा हे किरण मुळातच अडवतात, त्यामुळे स्वस्त गॉगल वाईटच असतो असे नाही, आणि महाग चांगलाच असतो असेही नाही.

याची ताडणी कोणीतरी करायला हवी होती. गॉगलसाठी पहिले राष्ट्रीय मानक १९७१ मध्ये ऑस्ट्रेलियाने केले. आता आंतरराष्ट्रीय मानकात काळेपणासाठी ० ते ४ असे वर्ग आहेत. तिसऱ्या वर्गाची काच ८ ते १८ टक्के उजेड सोडते. आपल्या उन्हाला ती पुरते. चौथ्या वर्गाची ३ ते ८ टक्केच सोडते; ती उंच बर्फाळ प्रदेशासाठी आहे आणि ती घालून वाहन चालवू नये. जंबुपार किरणांची हमी वेगळी लिहिलेली असते: ‘यूव्ही ४००’, म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंत अडवते. अर्थात चिठ्ठी कोणीही चिकटवू शकतो. नोटा तपासायचा जांभळा दिवा ज्या दुकानात असेल, तिथे तपासून पाहता येते. दिव्याखाली नोटेवरचे काही भाग चमकतात. दिवा आणि नोट यांच्यामध्ये गॉगलची काच धरावी आणि नोटेकडे बाजूने पाहावे. चमक गेली, तर निदान त्या दिव्याचे किरण काच अडवते आहे. दिव्यात पाहू नये.

आता त्या गळून पडलेल्या ‘चारी बाजूंनी’बद्दल. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरावर मासेमारी करणाऱ्या ८३८ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या डोळ्यांत आयुष्यभरात जंबुपार किरण जास्त गेले, त्यांच्यात एका प्रकारचा मोतीबिंदू अधिक आढळला. पुढे ऑस्ट्रेलियात दाखवून देण्यात आले की कानाच्या बाजूने तिरपा येणारा प्रकाश पारपटलाच्या गोलाईमुळे वळून नाकाकडच्या कडेवर एकवटतो. उन्हात राबणाऱ्यांच्या डोळ्यात पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे मांस वाढत येते, ज्याला आपण वडस म्हणतो, ते बहुधा नाकाच्या बाजूनेच का सुरू होते, याचा खुलासा यातून होतो. म्हणून उन्हात दिवस काढणाऱ्याने गॉगलच्या काचेइतकेच त्याच्या आकाराकडे पाहावे. रुंद, चेहऱ्यालगत वळणारा, कपाळाशी फट न ठेवणारा असावा, आणि वर रुंद कडेची टोपी असावी. शेतात पदराची किंवा उपरण्याची सावली डोळ्यांवर ओढली जाते, तीही याच कामाची आहे.

एक गोष्ट शिक्षकांनी मुलांना न विसरता सांगावी. २ ऑगस्ट २०२७ रोजी दुपारनंतर पश्चिम भारतातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसेल. चौथ्या वर्गाचा गॉगलही किमान ३ टक्के उजेड सोडतो. ग्रहण पाहायच्या चष्म्याला ०.००३२ टक्क्यांपेक्षा जास्त उजेड सोडायची परवानगी नाही. फरक हजार पटींचा आहे. एकावर एक दोन गॉगल चढवूनही ग्रहण पाहू नये.